आजी आणि पाणी

गेले दोन शनिवार मी एका भिंतीचं गणित सोडवतोय. गणित तसं सातवीतल्या पोराला जमेल असं आहे. पण त्यातली एक किंमत मिळत नाहीये, म्हणून घोडं अडलंय.

झालं असं, की मामा चिपळूणच्या घराचं वायरिंग नव्याने करून घेतोय. पुढची खोली दुकानासाठी भाड्याने द्यायचीय. वायरमनने पहिलाच प्रश्न विचारला, "पुराचं पाणी कुठपर्यंत आलं होतं? बोर्ड त्याच्या वर घेतो." मामा पुण्यात, त्याने मला फोन केला. मी घणसोलीत, मी आईला विचारलं. आई म्हणाली, "ते आईला माहीत होतं."

आईची आई म्हणजे माझी आजी. ती जानेवारी २०२३ मध्ये गेली. तिला हे बोटभरही न चुकता सांगता आलं असतं. मलाही आलं असतं खरं तर, कारण तिने ते काम माझ्यावरच सोपवलं होतं. पण त्याकडे येतो.

आमचं आजोळ चिपळूणला, बाजारपेठेच्या मागच्या अंगाला, शिवनदीपासून हाकेच्या अंतरावर. पुढे ओटी, मग माजघर, मागे पडवी आणि विहीर, आणि माजघरावर पोटमाळा. आजी १९५८ साली लग्न होऊन गुहागर तालुक्यातल्या एका खेड्यातून या घरात आली. आजोबांचं वह्या-पुस्तकांचं छोटं दुकान होतं. दोन मुलं, सासू, एक अर्धवट वेडा चुलतदीर आणि वर्षातले चार महिने पाऊस, असा संसार. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मामा सात वर्षांचा आणि आई चार. आजीने दोघांना बखोटीला धरून अंगणात आणलं, सासूला बसवलं आणि परत घरात गेली. सगळे ओरडतायत, "अगो, जातेस कुठे!" तर ही चुलीतले राखेखालचे निखारे विझवून आली. "घर पडलं तर पडलं, वर आग कशाला?" ही गोष्ट मी किमान पन्नास वेळा ऐकली असेल. प्रत्येक वेळी ती सांगताना तिला त्यात काही विशेष वाटत नसे. आम्हीच हट्टाने सांगायला लावायचो.

चिपळूणचं आणि पाण्याचं नातं बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. वाशिष्ठी ही काही गंगा-गोदावरी नव्हे. सह्याद्रीत उगम पावते आणि दाभोळच्या खाडीला जाऊन मिळते, की संपली. त्यामुळे घाटात कोसळलेलं पाणी काही तासांत गावात. त्यात कोयनेच्या वीज प्रकल्पाचं अवजल याच नदीत सोडलेलं. आणि नेमकी त्याच वेळी खाडीला मोठी भरती असली, तर या पाण्याला पुढे जायला वाटच नाही. ते मागे फिरतं आणि बाजारात शिरतं. आम्ही हे आज सॅटेलाईटच्या चित्रांवर बघतो. आजी कॅलेंडरवर तिथी बघायची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. आषाढ-श्रावणात त्या दिवसांत संध्याकाळनंतर पाऊस थांबला नाही, की तिचं सामान माळ्यावर चढायला लागायचं.

हे सामान चढवणं म्हणजे एक शास्त्र होतं. दरवर्षी वैशाखात त्याची मुख्य फेरी व्हायची, आणि सुट्टीत गेलो की मला हमाली असायची. क्रम ठरलेला. पहिल्यांदा दुसऱ्याचं. म्हणजे वाचनालयाची पुस्तकं, शेजारणीने ठेवायला दिलेला डबा, कोणाची तरी राहून गेलेली छत्रीसुद्धा. मग कागद. मग धान्य, काडेपेटी, मेणबत्त्या आणि औषधं. मग अंथरूण-पांघरूण. "आजी, भांडी?" असं मी एकदा विचारलं. "भांडी कशाला? भांडी धुता येतात."

हपिसात पहिल्यांदा 'डिझास्टर रिकव्हरी'चं ट्रेनिंग झालं तेव्हा दोन दिवस स्लाईड बघून मला जे कळलं, ते एवढंच होतं. भांडी धुता येतात. असो.

मी २००४ साली महापेला नोकरीला लागलो. तेव्हा एमआयडीसीत केमिकलच्या कंपन्यांच्या वासातच आमची काचेची ऑफिसं उगवत होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस माझ्या पिढीतला कोणीच विसरणार नाही. आम्ही पंचवीस-तीस जण रात्रभर ऑफिसातच अडकलो होतो. पारले-जी, मशीनची कॉफी, आणि पत्ते. आम्हाला ती सगळी गंमतच वाटत होती, म्हणजे निदान रात्री दहापर्यंत तरी. त्याच पावसाने चिपळूणचा बाजार बुडवला हे मला दोन दिवसांनी कळलं. आजोबांचं दुकान छतापर्यंत नव्हे, पण गल्ल्याच्या वरपर्यंत पाण्यात होतं. जूनमध्ये भरलेला वह्यांचा माल अजून अर्धा शिल्लक होता, तो सगळा भिजला.

आजोबा त्यानंतर दुकानात फारसे बसलेच नाहीत. वय बहात्तर, उमेदच गेली. ओटीवर बसून रस्त्याकडे बघायचे. आजी तेव्हा सदुसष्ट वर्षांची. तिने वह्या घरी आणवल्या. माजघरात, पडवीत, माळ्यावर दोऱ्या बांधल्या आणि धुणं वाळत घालावं तशा वह्या वाळत घातल्या. जुलै-ऑगस्टच्या कोकणात काय वाळणार, कपाळ! खाली शेगडी ठेवून, पानं चिकटू नयेत म्हणून विणायच्या सुईने एकेक पान सोडवत, तीन आठवडे तिचं हेच चाललं होतं. मग पाट्याखाली दाबून सपाट केल्या. तरी पानांवर लाटा राहिल्याच. दुकानाच्या दारात पुठ्ठा लावला, 'पुरात भिजलेल्या वह्या, निम्मी किंमत.' त्या वर्षी गावात निम्म्या पोरांच्या वह्याच वाहून गेल्या होत्या. सगळ्या खपल्या. ज्यांच्याकडे निम्मी किंमतही नव्हती त्यांची नावं तिने एका भिजलेल्याच वहीत लिहून ठेवली, आणि ती वही पुढे कधी उघडली नाही.

मलाही तिने दोन वह्या दिल्या होत्या, शंभरपानी. त्यातल्या एका वहीत मी वर्षभर क्लायंट कॉलच्या नोंदी घेतल्या. लाटा असलेल्या कागदावर पेन अडखळतं, त्यामुळे अक्षर जरा बरं येतं हा माझा स्वानुभव आहे.

त्या पुराची रेघ आजोबांनी माजघराच्या भिंतीवर पेन्सिलने मारली होती, खाली तारीख घालून. माझ्या छातीला यायची. आजोबा २००९ साली गेले, दुकान विकलं, रेघ राहिली. मामा दिवाळीला घर रंगवायचं म्हणायचा, तर आजी म्हणायची, "सगळं रंगव, तेवढी भिंत सोड."

पुढची बारा वर्षं ती त्या घरात एकटी राहिली. एकटी म्हणजे माडीवर भाडेकरू असायचे, शेजारी होते. मामा "पुण्याला ये" म्हणायचा, आई "इकडे ये" म्हणायची. ती यायची, आठ दिवसांत परत. तिला वाचनालय सोडवत नसे. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर हे १८६४ सालापासूनचं, आणि त्याचा अभिमान तिला असा होता, की जणू पायाचा दगड हिनेच बसवलाय. जानेवारी २०१३ मध्ये ८६वं साहित्य संमेलन चिपळूणला झालं, तेव्हा रोज सकाळी पाण्याची बाटली आणि पोळी-भाजीचा डबा घेऊन मांडवात हजर. मी फोनवर विचारलं, कसं झालं? "भाषणं लांबली. पण पुस्तकं चांगली मिळाली हो." आठवड्याला दोन पुस्तकं वाचणारी बाई, पण स्वतः एक ओळ लिहिली नाही तिने. जळगावच्या बहिणाबाई चौधरींच्या तोंडचं त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, टिपून ठेवलं, म्हणून १९५१ साली त्या गेल्यानंतर पुढच्याच वर्षी पुस्तक निघालं. आमच्या घरात असा सोपानदेव निघाला नाही. आम्ही सगळे इंजिनियर.

मग २०२१ आलं. २० जुलैला आषाढी एकादशी झाली, २४ ला पौर्णिमा. म्हणजे उधाण तोंडावर आणि घाटात पाऊस कोसळतोय. २१ तारखेला दुपारी चारला मी फोन केला तेव्हा आजी धापा टाकत होती. "काही नाही रे, जरा वरती ठेवत्ये सामान." आजी, अजून कुठे काय आहे, असं मी म्हणालो. वर, "भाडेकरूंना सांग, तू चढू नकोस." हा उपदेश मी घणसोलीच्या अकराव्या मजल्यावरून, हेडफोन लावून करत होतो, कारण साडेचारला माझा डेमो होता.

२२ ला सकाळी फोन लागेना. कोणाचाच लागेना. टीव्हीवर चिपळूणचं एसटी आगार दिसलं, बसच्या टपापर्यंत पाणी. आगारातले कर्मचारी सुमारे नऊ लाखांची रोकड घेऊन तासन्‌तास बसच्या टपावर बसून होते, ही बातमी नंतर सगळ्यांनी वाचली असेल. दुसऱ्याचं पहिल्यांदा. आम्हाला मात्र तो दिवस आणि ती रात्र काहीच कळलं नाही. आई देवासमोर बसून होती. मी उगाचच दर पाच मिनिटांनी नंबर फिरवत होतो.

तिसऱ्या दिवशी मी आणि एक मित्र गाडीत पाण्याचे बॉक्स, फावडी, फिनेल भरून पोचलो. बाजारात गुडघाभर चिखल आणि एक वास. तो वास मी लिहू शकत नाही. आमच्या दारात आजी साडीचा पदर खोचून, हातात खराटा घेऊन उभी. ती त्या रात्री माडीवर होती. बरोबर भाडेकरू नवरा-बायको, शेजारचं पाच जणांचं कुटुंब आणि त्यांचा कुत्रा. आठ माणसांना दोन दिवस मुगाची खिचडी हिने घातली होती, माळ्यावर चढवून ठेवलेल्या तांदळातून. शेजारच्या काकू मला धरून रडायलाच लागल्या. आजीने मला वरून खाली बघितलं आणि प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेली दोन पुस्तकं हातात दिली. "ही आधी वाचनालयात देऊन ये. मुदत संपल्ये."

मी गेलो. वाचनालयातही पाणी शिरलं होतं. माणसं चिखलातून पुस्तकांचे लगदे बाहेर काढत होती. त्यातल्या एका गृहस्थांना मी ती दोन कोरडी पुस्तकं दिली. त्यांनी पिशव्या सोडून बघितलं, आतला शिक्का बघितला, आणि मग बराच वेळ काही बोललेच नाहीत. मीही तसाच चिखलात उभा.

परत आलो तर आजी म्हणाली, "त्या भिंतीवर रेघ मार रे. माझा हात पुरत नाही." पाण्याचा डाग आजोबांच्या रेघेच्या बराच वर, तिच्या डोक्याच्याही वर होता. "मारतो," म्हटलं. तेव्हा चिखल उपसायचा होता. मग मामा आला. मग ठरलं, की आजीला इथे ठेवायचं नाही.

या भागावरून मी भरभर गेलो असतो, पण ते बरोबर होणार नाही.

आम्ही तिला घणसोलीला आणलं. माझ्या घराच्या खिडकीतून महापेची एमआयडीसी आणि तिच्या मागे पारसिकचा डोंगर दिसतो. पावसात डोंगरावरून पांढऱ्या धारा उतरतात. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "हे पाणी जातं कुठे?" नाल्यांनी ठाण्याच्या खाडीत, मी म्हणालो. "आणि भरती असली की?" मग मी तिला धारण तलावांबद्दल सांगितलं. नवी मुंबई वसवताना सिडकोने खाडीच्या काठाला मोठे तलाव ठेवलेत, भरतीला त्यांची झडपं बंद होतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं आणि ओहोटीला खाडीत सुटतं. तिला इतकं आवडलं ते! एका रविवारी वाशीला नेऊन दाखवलंसुद्धा. काठी टेकून अर्धा तास बघत होती. "पाणी कुठे ठेवायचं ते आधी ठरवलंन आणि मग घरं बांधलंन. शहाणा हो माणूस." मग जरा वेळाने, "आमच्याकडे कोणी ठरवलंनच नाही." त्याच हिवाळ्यात चिपळूणकरांनी वाशिष्ठीतला गाळ काढावा म्हणून उपोषण केलं आणि गाळ उपसायचं काम सुरू झालं. रोज ती माझ्याकडून त्याच्या बातम्या वाचून घ्यायची.

पण बाकी दिवसभर तिला काम काय? काहीच नाही. "आजी, बसा तुम्ही," ही माझी बायको. "आई, तू गॅसजवळ जाऊ नको," ही माझी आई. लिफ्टने एकटी जायचं नाही. भाजी फोनवर मागवतो. अकराव्या मजल्यावर पाणी यायचा प्रश्नच नाही, म्हणजे काही वर चढवायलाही नको. ज्या बाईने पुरात आठ माणसं आणि एक कुत्रा सांभाळला, तिला आम्ही सगळ्यांनी मिळून अतिशय प्रेमाने खुर्चीत बसवून ठेवलं. तिने तक्रार केली नाही. तिने फक्त माझ्या सात वर्षांच्या मुलीला हाताशी धरलं. रोज रात्री दोघी मिळून शाळेचं दप्तर कपाटाच्या डोक्यावर ठेवायच्या. मुलगी स्टुलावर, आजी खालून स्टूल धरून. अजूनही दप्तर तिथेच असतं. सकाळी घाईत मी त्यावरून वैतागतो.

एप्रिल २०२२ मध्ये तिने एकदाच सांगितलं, "वैशाखात मला चार दिवस घरी ने. पावसाआधी सामान वर चढवायचंय." मी म्हटलं, नक्की. मग आमचं रिलीज आलं. शनिवारी डिप्लॉयमेंट, रविवारी बग, परत पुढच्या शनिवारी. मी खोटं बोललो नाही तिच्याशी. प्रत्येक वेळी मला खरंच वाटत होतं, की पुढच्या शनिवारी निघू. पनवेलहून कोकण रेल्वेने जेमतेम पाच तासांचा प्रवास. जूनमध्ये मृग लागला, तेव्हा आजीच म्हणाली, "राहू दे आता. पाऊस आला." तिची छोटी पिशवी दीड महिना दाराजवळ भरून ठेवलेली होती, ती तिने स्वतःच सोडली. ऑगस्टमध्ये बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि मग हळूहळू सगळंच आटपत गेलं. अस्थी आम्ही वाशिष्ठीत सोडल्या. त्या वेळी घरी गेलो तर माजघर पांढरंस्वच्छ. मामाने रंगवून घेतलं होतं. बिचाऱ्याला त्या भिंतीचं लक्षातच राहिलं नाही. आजोबांची रेघही गेली, आणि माझी तर मी मारलीच नव्हती.

तर आता गणित. मला फोनमध्ये एक फोटो सापडलाय, २४ जुलै २०२१ चा. आजी त्या भिंतीला टेकून उभी आहे, खराटा हातात, चेहरा थकलेला आणि जरासा गुर्मीत. तिच्या डोक्याच्या वर पाण्याचा डाग अगदी सरळ दिसतो. मी पिक्सेल मोजले. आजी ११४०, डोक्यापासून डागापर्यंत ३८०. म्हणजे पाणी आजीच्या एक पूर्णांक एक तृतीयांश पट. आजीची उंची कळली की झालं.

पण आजीची उंची कोणालाच माहीत नाही. मामा म्हणतो पाच फूट तरी असेल. आई म्हणते चार फूट दहा इंच. या दोन इंचांनी भिंतीवर पावणेतीन इंचांचा फरक पडतो. आधार कार्डावर उंची नसते. पासपोर्ट तिने काढला नाही. हॉस्पिटलच्या कागदांवर वजन आहे, साखर आहे, दिवसातून चार वेळा घेतलेलं ब्लड प्रेशर आहे. उंचीचा रकाना रिकामा.

आज सकाळी मी परत लॅपटॉप उघडून बसलो, तर आई स्वयंपाकघरातून आली. फोटो बघितला. म्हणाली, "मी निघाले की ती देवासमोर माझ्या हातावर दही घालायची. समोर उभी राहायची ना, तेव्हा तिचं डोकं माझ्या इथे यायचं." आणि हात नाकाशी नेला.

"तेव्हा तू चपला घातलेल्या असायच्यास का?"

"देवासमोर चपला घालून कोण उभं राहतं रे?"

ती दाराच्या चौकटीला पाठ लावून, हात नाकाशी तसाच धरून उभी राहिली. मी कपाटावरचं दप्तर खाली काढून पेन्सिल शोधायला लागलो.